युरोपाचं नाव पुढे करून काकांचा कॉम्प्युटर भंगारात काढू नका

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे अपडेट, संपला आणि तेव्हापासून आमच्या नाशिकच्या भावंडांच्या ग्रुपवर एकच विषय चालू आहे. सिडकोतल्या काकांचा डेस्कटॉप ठेवायचा की काढायचा? धाकट्या चुलतभावाने निकाल देऊन टाकला, ‘काढा. युरोपात असले जुने डबे कुणी घरात ठेवत नाही, दादाला विचारा.’

दादा म्हणजे मी. जर्मनीत श्टुटगार्टमध्ये राहतो, आणि माझ्या नावावर हे खपवलेलं मला अजिबात आवडलेलं नाही.

रिपेअर कॅफे, म्हणजे लोक एकत्र बसून बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करतात ती जागा. तिची सुरुवातच युरोपात झाली, २००९मध्ये ॲमस्टरडॅमला. आमच्या भागातल्या कॅफेत शनिवारी लोक टोस्टर, प्रिंटर, लॅपटॉप घेऊन बसलेले असतात. त्यात निवृत्त इंजिनियर असतात, चांगली मोठी घरं असलेले लोकही असतात. फोन, टॅब्लेट, वॉशिंग मशीन वॉरंटीनंतरही कंपनीने वाजवी किमतीत दुरुस्त करून द्यावं, असा निर्देश युरोपीय संघाने २०२४मध्ये काढला आणि तो लागू करायला सदस्य देशांना ३१ जुलै २०२६ची मुदत दिली. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने तर सुमारे ३०,००० सरकारी कॉम्प्युटरवरून मायक्रोसॉफ्ट ऑफिस हटवून त्याच कामाचं मोफत लिब्रेऑफिस घ्यायचं २०२४मध्येच ठरवलं. हे सगळे लोक मागासलेले आहेत का?

काकांचं मशीन इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचं. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे ते अधिकृतपणे त्यावर जाणार नाही, हे मला मान्य आहे. पण मशीन मेलेलं नाही. विंडोज १०चे सुरक्षा अपडेट आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळण्याची सोय आहे. इकडे ग्राहक संघटनांनी आवाज उठवला म्हणून ते युरोपात बॅकअपच्या अटीशिवाय मोफत झाले. भारतात सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. किंवा विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम टाका. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात असतोच. काकांचा सोसायटीचा हिशेब लिब्रेऑफिसमध्ये उघडतो. अडचण येईल ती त्यांच्या जुन्या पत्रांची, कारण ती युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट नसला की पानभर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. मग एकदा बसून ती पत्रं युनिकोडमध्ये आणा.

आणि नाशिकचा एमजी रोड विसरलात का? तिथल्या दीड माणसाच्या दुकानात मुलगा भिंगाखाली बोर्ड धरून नेमका जळालेला पार्ट बदलतो. हार्ड डिस्क काढून तिच्या जागी वेगवान एसएसडी बसवायचं काम तर तासाभराचं. इकडे त्याच कामासाठी मला टेर्मिन, म्हणजे आधी वेळ, घ्यावी लागते, आणि मजुरीचा आकडा ऐकून माणूस नवीनच घ्यायचा विचार करतो. आपल्याकडे जे कोपऱ्यावर मिळतं, त्यासाठी इथे कायदे करावे लागतात. त्याच दुकानात क्रॅक केलेली विंडोज मागून घेण्याची सवय मात्र सोडा, त्याचं कौतुक मी कधीच करणार नाही. आणि शेवटी मशीन काढायचंच झालं तर रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. इथे जुना मॉनिटर वेर्टश्टॉफहोफला, म्हणजे टाकाऊ वस्तू गोळा करणाऱ्या केंद्रावर, जातो, आणि ई-कचऱ्याचे नियम भारतातही १ एप्रिल २०२३पासून नव्याने लागू आहेत.

यावर भाऊ म्हणाला, ‘तू तिकडे बसून बोलतोस. रोज हँग झालेलं मशीन आम्ही बघतो.’ ते मला लागलं, कारण त्यात तथ्य आहे. घरातलं दुसरं काहीच आता मला विचारून होत नाही. फ्लॅटचा व्यवहार, काकूंचा दवाखाना, कुंभमेळ्यात कुणाला उतरवून घ्यायचं, सगळं तिथल्या तिथे ठरतं, आणि तसंच व्हायला हवं. पण प्रिंटर अडला की काका मलाच फोन करतात. मी एनीडेस्क या ॲपने इथूनच त्यांच्या स्क्रीनवर जातो, आणि ड्रायव्हर उतरेपर्यंत ते मला गंगापूर धरणाचं पाणी, कॉलनीतली भांडणं, कोण आजारी आहे ते सगळं सांगत बसतात. एरवी व्हिडिओ कॉलवर ‘बरा आहेस ना, जेवलास ना’ एवढ्यावर आटोपतात. नवा लॅपटॉप आला की त्याच्यासोबत कंपनीचा सर्व्हिसवाला येईल आणि मला कुणी फोन करणार नाही, ही भीती माझ्या या सगळ्या बोलण्यामागे आहे.

तरीही एसएसडीचे पैसे मी पाठवतो आहे. काकांना स्वतःला नवीन हवा असेल तर जरूर घ्या, पण आधी त्यांना विचारा. ग्रुपवर अजून कुणीही विचारलेलं नाही.