स्वित्झर्लंडच्या बंदुकीचा तो मेसेज

मंडळी, ‘स्वित्झर्लंडमध्ये घरोघरी भरलेली बंदूक, म्हणून तिथे हल्लेच होत नाहीत’ हा मेसेज रविवारी आपल्या मानेवाड्याच्या ग्रुपवर मीच टाकला होता. तो चुकीचा आहे. तिथे लष्करी सेवेतल्यांची रायफल घरी असते खरी, पण काडतुसं घरी देणं थांबवायचं 2007 मध्येच ठरलं. आणि 2001 मध्ये तिथल्याच झुग प्रांताच्या विधिमंडळात एका बंदूकधाऱ्याने 14 जणांना मारलं.

नागरिकाच्या बंदुकीने हल्लेखोर कधीच थांबत नाही, असंही नाही. 2022 मध्ये अमेरिकेत ग्रीनवूडच्या मॉलमध्ये तो थांबला, पण तोवर तिघे गेले होते. शिवाय तिथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. (आमच्या घरी गॅसचा लायटर वेळेवर सापडत नाही, हल्ल्याच्या वेळी कुलपातलं पिस्तूल अन् काडतुसं काय सापडणार!)

मेसेजच्या शेवटी ‘आधार दाखवा, लायसन्स घ्या’ असं होतं. नाही बाप्पा. शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणे पोलीस पडताळणी होते, आणि नागपुरात अर्ज पोलीस आयुक्तालयात करावा लागतो.

मी मेसेज डिलीट केलाय. तुम्ही पुढे पाठवला असेल तर तिथेही हे टाका, अन् तो आता पाठवू नका.