पवनेला नुसता फेरा मारायला चाललात?

सकाळी चहा हातात घेतला आणि सायकल ग्रुपवर मावळातल्या पवना धरणाकडच्या रविवारच्या राइडचा मेसेज दिसला. ‘पवना लूप. पहाटे पाचला सुटायचं. मध्ये किल्ले, लेणी, देवळं काही नाही, टाइमपास होतो. फोटोसाठी एकच स्टॉप, पाण्यापाशी.’ खाली अंगठ्यांची ही रांग. एका महाशयांनी तर लिहिलंय, ‘बेस्ट! मागच्या वेळी तुंगवाल्यांमुळे ॲव्हरेज पडला होता.’ ॲव्हरेज म्हणजे सरासरी वेग.

तुंगवाले म्हणजे आम्ही. मी आणि माझ्यासारखे दोन-तीन वेडे, जे तुंग किल्ल्याच्या पायथ्याशी सायकल टेकवून वर जाऊन येतात आणि तोवर बाकीचे खाली घड्याळ बघत बसतात.

अहो, ॲव्हरेजच काढायचा असेल तर घरात ट्रेनर लावा की, सायकल जागच्या जागी चालवायचा तो स्टँड! समोर पंखा ठेवा, खड्डे नाहीत, कुत्री मागे लागत नाहीत, आणि मुख्य म्हणजे तुंगवाले नाहीत. पवनेपर्यंत कशाला येता?

ग्रुपवर भांडण नको म्हणून इथे लिहितेय. इथे निदान माझीच माणसं आहेत, तुम्हाला वेगळं समजवायला नको.

कामशेतला जुना हायवे सोडून पवनानगरकडे वळलं की उजव्या हाताला डोंगराची रांग सुरू होते. त्याच रांगेच्या पोटात बेडशाची लेणी आहेत. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची. बोरघाटातून उतरणाऱ्या-चढणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वाटेवर कार्ले, भाजे आणि बेडसे अशी तिन्ही लेणी कोरली गेली. त्यातलं बेडसे गर्दीच्या नजरेतून सुटलंय, देवाची कृपा. चारेकशे पायऱ्या चढायच्या, कातळातल्या अरुंद बोळातून आत शिरायचं आणि मान वर करायची. खांबांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावर बसलेली जोडपी. पूर्वेकडे तोंड असल्याने सकाळचं ऊन थेट त्यांच्या अंगावर येतं. पाचला सुटलेला माणूस बरोबर त्या उन्हाला तिथे पोचतो. आणि आमचे लोक त्या वेळी खालच्या रस्त्यावरून मान खाली घालून, मीटरवर डोळे लावून सुसाट निघून जातात. टाइमपास होतो म्हणे!

पुढे पवनानगर आलं की खरी गंमत. पाणी दिसतं, आणि पाण्याभोवती किल्ले. मागे लोहगड, विसापूर. समोर तिकोना, नावाप्रमाणे तीन कोनांचा. आणि पलीकडे, पार पश्चिमेला, तुंगचा सुळका. गाडीतून हे सगळं खिडकीच्या चौकटीत येतं आणि जातं. पोरं मागच्या सीटवर मोबाइलमध्ये असतात, तिकोना कधी गेला कळतही नाही. सायकलवर तिकोना आधी समोर असतो, मग खांद्याशी येतो, मग पाठीशी जातो, आणि यात चांगला तासभर जातो. त्या तासात तो तीन-चार वेळा आकार बदलतो. जवण गाव मागे पडलं की तुंग हळूहळू मोठा व्हायला लागतो आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडतो, की अरे, हे चौघं एकमेकांना दिसतात! एकावर धूर झाला तर बाकीच्या तिघांवर कळणार. मधल्या खोऱ्यातून घाटाकडे जाणारा माणूस यांच्या नजरेतून सुटणार कसा? हे मला कुठल्या पुस्तकातून कळलं नाही, पायडल मारताना कळलं. एकेक किल्ला ट्रेक करणाऱ्यालाही हे असं सहज कळत नाही, कारण तो थेट पायथ्याशी गाडीतून उतरतो.

आता त्या काकांची गोष्ट सांगतेच. काही जणांनी ऐकली असेल, परत ऐका.

दुधिवरे खिंडीचा चढ. मी खाली उतरून ढकलत होते. (हसायचं तर हसा. मी ढकलते.) मागून एक काका आले, तेही सायकल ढकलतच. त्यांच्या कॅरिअरवर गवताचा भारा, माझ्या कॅरिअरवर पावसाचं जाकीट. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, ‘‘कुठल्या टेंटला, ताई?’’

म्हटलं, टेंटला नाही, अशीच फिरतेय. किल्ले बघत.

‘‘एकलीच?’’ असं म्हणून थांबले. मग हँडलवरचा एक हात सोडून त्यांनी मला अख्खं खोरं दाखवलं. ‘‘ह्यो लोहगड. त्याच्या मागं इसापूर. त्यो तिकोना. आन् तुंग... तुंग झाकला बघा. आता अर्ध्या तासात पाऊस हितं.’’ म्हणून ते घाईत होते. तुंग झाकला की वैरण उचलायची, असा त्यांचा हिशोब. साडेतीन हजार फुटांच्या आसपास उंचीचा तो तुंग ऊर्फ कठीणगड, पुस्तकांत त्याच्यावर पानं आहेत, आणि काकांच्या घरात तो पावसाचा सांगावा.

मग पाण्याकडे हनुवटी करून म्हणाले, ‘‘मधी आमचं गाव व्हतं. चार किल्ले राखणीला, तरी गेलं.’’ आणि हसले.

मी नाही हसले.

तेवढ्यात मागून एक मोठी गाडी. काचा खाली, गाणी अशी की गवत हलावं. हॉर्नवर हॉर्न. ‘‘ओ काका, साइड!’’ काकांनी भाऱ्यासकट सायकल कडेच्या चरात घातली. ज्या रस्त्यावर ते आयुष्यभर चालले त्या रस्त्यावर. दोन वळणं पुढे तीच गाडी अडकलेली, कारण समोरून तितक्याच मोठ्या दोन गाड्या आलेल्या आणि मागे घ्यायला कुणीच तयार नाही. आम्ही दोघं शेजारून चालत पुढे गेलो. आता गाणी बंद होती. माझ्या मनाला जो गारवा मिळाला तो लपवणार नाही.

हे लिहिताना परत डोकं तापलंय. शनिवारी संध्याकाळी पवनेच्या काठावर जाऊन या एकदा. पाण्याच्या कडेने टेंटची रांग, प्रत्येक रांगेचा वेगळा स्पीकर, आणि वर लोहगडाचा विंचूकाटा, म्हणजे त्याची नांगीसारखी लांब सोंड, अंधारात बिचारा निमूट पसरलेला. यातल्या किती जणांना ठाऊक असेल की आपण ज्याला मस्त लेक म्हणतोय ते सत्तरच्या दशकात भरलेलं धरण आहे? तळाशी शेतं आहेत, उंबरे आहेत. वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ पावसाळ्यात पाण्यात जातं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की पुन्हा वर येतं. हे पाणी पवना नदीतून खाली रावेतपर्यंत जातं आणि तिथून उचलून पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं. थेट धरणातून बंद पाइपने न्यायचं ठरलं तेव्हा मावळातले शेतकरी रस्त्यावर आले, आणि 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर गोळीबारात तिघं गेले. या खोऱ्याचा इतिहास सतराव्या शतकात संपलेला नाही एवढंच म्हणायचंय.

बरं, टेंटमुळे तिथल्या लोकांच्या हाती चार पैसे येतात, हे खरं. काकांच्या पुतण्याचेही टेंट आहेत, त्यांनीच सांगितलं. ‘‘भात चार महिनं, टेंट बारा महिनं.’’ यावर मी काय बोलणार? शहरातून सायकल घेऊन गेलेल्या बाईने बोलूही नये. स्पीकरबद्दल मात्र बोलणार.

आणि ग्रुप लीडरचंही एक बरोबर आहे. रविवारी दुपारी जुना हायवे सायकलसाठी वाईट असतो, लवकर परतलेलं बरं, लोक पांगले तर जबाबदारी त्याच्यावर येते. मान्य. मग अर्धा तास आधी निघा ना! किल्ले कशाला कापता?

किल्ला रस्त्यात आला म्हणून बघायचा, असं हे नाहीच. रस्ता त्या किल्ल्यांसाठी आहे. हे चारही किल्ले 1657 च्या सुमारास महाराजांकडे आले. 1665 साली पुरंदरच्या तहात जे 23 किल्ले द्यावे लागले, त्यांत लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, चारही होते. अख्खं खोरं एका कागदावर गेलं. त्याआधी मिर्झाराजे जयसिंगाने पाठवलेल्या फौजेने या किल्ल्यांच्या घेऱ्यातली गावं जाळली. किल्ला घेता येत नव्हता, मग खालचं गाव जाळा. हे वाचलं तेव्हा मला ते काकाच आठवले. किल्ले वरती शाबूत आणि गाव गेलेलं, हे या खोऱ्याने आधीही बघितलंय.

तिकोन्यावर चढताना वाटेत चपेटदान मारुती लागतो, पायाखाली राक्षसीण दाबून आणि हात उगारून उभा. मी दर वेळी त्याच्यासमोर दोन मिनिटं थांबते. काही मागत नाही. फक्त काही चेहरे डोळ्यांसमोर आणते, ज्यांना एक चपेट बसली तर बरं होईल. आजपासून यादीत ॲव्हरेजवाले महाशय.

(ते हे वाचत असतील. वाचा.)

11 जुलै 2025 ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आपले 12 किल्ले गेले, त्यात लोहगड आहे. त्या दिवशी आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, त्या सायकल ग्रुपनेही ठेवला, भगवा, तुतारी, सगळं. खरं तर त्या यादीत नुसते तट-बुरुज गेलेले नाहीत. डोंगर, खिंडी आणि किल्ले यांची एकत्र रचना कशी केली, त्याला तो मान आहे. आणि ती रचना बघायची असेल तर खोऱ्यातून फिरावं लागतं, सावकाश, मान वर करून. स्टेटसला तुतारी आणि रविवारी मात्र ‘किल्ले वगैरे काही नाही’? विसापूर, तुंग, तिकोना यादीत नाहीत म्हणून ते उणे झाले का? शेजारी उभे राहून त्यांनीच तर लोहगडाची पाठ राखली.

असो. आता जरा शांत झालेय.

वेगाने जाणाऱ्यांवर माझा राग नाही. मलाही उतारावर हात ब्रेकवरून काढायला आवडतं, तुंगवाडीकडून परतताना वारा पाठीशी असला तर मीही ओरडते. पण सायकलला जिथे वाटेल तिथे टेकवता येतं, पार्किंग शोधावं लागत नाही, काच खाली करावी लागत नाही, शेजारून चालणाऱ्या माणसाशी चालत्या चालत बोलता येतं. एवढी सोय हाताशी असताना ती वापरायचीच नाही, असा नियम करायचा? त्या दिवशी मी ॲव्हरेज सांभाळत खिंड चढले असते, तर काका माझ्या मागे राहिलेला गवताचा भारा असते, बस. तुंग झाकला की पाऊस येतो हे मला कोण सांगणार होतं? (आला, बरोबर अर्ध्या तासात. जाकीट कामी आलं.)

तर मी रविवारी वेगळी निघतेय. कामशेत, बेडसे, पवनानगर, तिकोनापेठ, जवण, मोरवे, तुंगवाडी. परत त्याच रस्त्याने की घुसळखांबवरून लोणावळ्याला, ते पायांत किती दम उरलाय त्यावर ठरवू. बेडसे आणि तुंग चढायचे आहेत, तिकोना या वेळी खालूनच, सगळं एका दिवसात होत नाही. सायकली पायथ्याशी एकमेकींना साखळीने बांधायच्या, निम्मे वर, निम्मे राखणीला, मग अदलाबदल. ॲव्हरेज विचारायचा नाही. स्पीकर आणला तर परत पाठवेन. आणि क्लीटचे (पायडलला अडकणारे) बूट घालून येऊ नका, बेडशाच्या पायऱ्यांवर घसरलात तर आधी मी हसणार, मग हात देणार.