लाल पाइप लावला म्हणजे गाडी पळते का रे भाऊ?

काल रात्री कसाऱ्याच्या घाटात पाइप सुटला. फट्ट! टर्बोचा पाइप, म्हणजे इंजिनात दाबून हवा भरणाऱ्या पंख्याचा. नवाकोरा, लालभडक, सिलिकॉनचा. मागे कंटेनरवाला हॉर्नवर बसलेला, पुढे चढ, आणि माझी लोगन गाडी काळा धूर ओकत पहिल्या गिअरमध्ये रांगतेय. काच खाली करून एका ट्रकवाल्याने ‘गाडी विकून टाक भाऊ’ असा सल्लाही दिला. फुकट.

मी गॅरेजवाल्याकडे मागितलं काय होतं? टर्बोचा होज, म्हणजे पाइप, चिरलाय, तो बदल. ईजीआरमधली, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेतली, काजळी काढ. एअर फिल्टरचं तोंड ग्रिलच्या मागे आण, म्हणजे बाहेरची हवा मिळेल. टर्बोच्या गरम बाजूला हीट शील्ड लाव. संपलं. कागदावर लिहून दिलं होतं, कारण ही जमात मला माहीत आहे. ‘टेन्शन नका घेऊ साहेब, वाढीव काम करून देतो.’ तिथेच गाडी परत न्यायला हवी होती असं आता घरचे म्हणतात. घरच्यांना म्हणायला काय जातं.

वाढीव म्हणजे काय? टॅपेट कव्हर लाल. बॅटरीची पट्टी क्रोमची. दोन सस्पेन्शन टॉवरच्या मध्ये आडवा निळा दांडा, ज्याचे बोल्ट मी बोटांनी फिरवले आणि ते फिरले. बॉनेटच्या आत एलईडीची पट्टी. बॉनेटच्या आत! कुणाला दाखवायचंय, उंदरांना?

आणि फिल्टर. अरे देवा, फिल्टर. कंपनीचा डबा काढून फेकला आणि एक उघडा शंकू बसवला, तोही थेट टर्बोच्या कुशीत. आता ‘आवाज’ येतो म्हणे. येणारच, गरम हवा ओढताना धापा टाकतेय ती. शाळेतलं विज्ञान आहे हे: हवा तापली की विरळ होते. 35 अंशांची हवा 65 वर गेली की तेवढ्याच जागेत नऊ टक्के हवा कमी बसते. म्हणजे पैसे मोजून मी ताकद कमी करून घेतली. हे मी त्याला समजावलं. तो म्हणाला, ‘साहेब, बॉनेट उघडलं की लोक बघतच राहतात.’

आता तो लाल पाइप. साध्या सिलिकॉनला तेल मानवत नाही. टर्बोच्या पाइपात तेलाची वाफ असतेच, ती आतून मुरते, पाइप घामेजतो, मऊ पडतो. तिथे आतून वेगळं अस्तर असलेला पाइप लागतो, नाहीतर कंपनीचा काळा रबरी. पण काळा फोटोत दिसत नाही ना! त्यावर क्लिप कुठली? खाचा पाडलेली पातळ पट्टी, पाण्याच्या नळीला लावतात ती. घट्ट केली की सिलिकॉनमध्ये रुतते, सैल ठेवली की बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, आला की पाइप हवेत. माझा हवेत गेला. निघताना शिट्टीसारखा आवाज येत होता, तर म्हणे, ‘टर्बो बोलतोय साहेब.’ टर्बो बोलत नव्हता रे बाबा, हवा गळत होती.

शिवाय जाता जाता डिझेल मारून इंजिन ‘चमकवलं’. हा माझा जुना राग आहे. कोण शिकवतं यांना हे? आधी प्रेशरचं पाणी थेट अल्टरनेटरवर आणि कनेक्टरवर, मग डिझेलचा फवारा. दोन दिवस चकाकतं, तिसऱ्या दिवशी नाशिकभरची धूळ त्यावर येऊन बसते. आणि धूळ म्हणाल तर सिंहस्थाच्या नावाने निम्मं शहर खणून ठेवलंय, म्हणजे कमी नाही. रबर फुगतं ते वेगळंच.

बरं, ही गाडी काही परदेशातली नाही. 2007 साली भारतात लोगन आली ती इथेच, नाशिकच्या कारखान्यात बनून. माझी जन्माने नाशिककर आहे. आणि त्याच शहरात स्पेअरच्या दुकानात गेलं की काउंटरवरचा मोबाइलमधून मान न काढता विचारतो, ‘लोगन? म्हणजे कोणती?’ व्हेरिटो, म्हणजे हिचंच नंतरचं नाव, म्हटलं की मान वर होते आणि लगेच नकारार्थी हलते. पूर्वी अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात काहीतरी हाती लागायचं. 2017 मध्ये तिथे हातोडा पडला तेव्हा सगळं शहर खूश होतं. मी एकटा सुतकात.

पॉवरचं खूळ कुठून आलं तेही सांगतो. हेच 1461 सीसीचं डिझेल इंजिन डस्टर गाडीत 110 पीएस ताकद द्यायचं. माझ्याकडे 65. आता तिकडे वेगाप्रमाणे जुळवून घेणारा व्हेरिएबल टर्बो आहे, हवा थंड करणारा इंटरकूलर आहे, अख्खी मांडणीच वेगळी, हे मला कळतं. मला 110 नकोच आहेत. मला माझे 65 पूर्ण द्या! त्यातले किती काजळीत, किती गळक्या होजात आणि किती गरम हवेत जातात तेवढंच बंद करा. पण न दिसणारं काम करायला या गावात कुणालाच नको असतं. त्र्यंबक रोडला एक भेटला, लॅपटॉप काखेत मारून. ‘रिमॅप करतो’, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलतो म्हणे. करतो काय, तर रेल प्रेशरच्या, म्हणजे डिझेलच्या दाबाच्या, सेन्सरला फसवणारी एक डबी खोचतो. जास्त डिझेल, जास्त धूर, पॉवर फक्त बोलण्यात. दुसरा एक तर मला कायदा शिकवायला निघाला, एअर पाइप हलवला तर पेठ रोडला आरटीओ गाडी अडवेल म्हणे. हे सांगत असताना स्वतः एका गाडीला समोरच्याला आंधळं करणारे पांढरे दिवे बसवत होता.

आणि कॉलेज रोडची ती सायलेन्सर कापलेली पोरं... जाऊ दे, बीपीची गोळी घ्यायचीय.

तसं बघायला गेलं तर एवढी पॉवर घेऊन मी जाणार कुठे? द्वारका चौकात वीस मिनिटं क्लच दाबून उभं राहायचं, मुंबई नाक्याला परत तेच. सगळ्यात जोरात गाडी हाणतो ती सोसायटीच्या रॅम्पवर, तिथेही वॉचमन शिट्टी मारतो. आणि हवेच्या घनतेवर जेवताना बोलायला लागलो की बायको उठून पोळ्या लाटायला जाते. आधीच लाटून झालेल्या असल्या तरी.

चिरंजीव तर फितूरच. रात्री कशीबशी गाडी घरी आणली, बॉनेट उघडलं, मी दात-ओठ खातोय आणि हा म्हणतो, ‘बाबा, पण लाल पाइप भारी दिसतोय यार.’

आज सकाळी गॅरेजवाल्याचा मेसेज. माफी नाही, चौकशी नाही. ‘साहेब, बॉनेट उघडून एक फोटो टाका ना, स्टेटसला ठेवतो.’ मी टाकला. सुटलेला पाइप, मऊ पडलेलं टोक, रुतलेली क्लिप, धुराने काळाकुट्ट झालेला मागचा बंपर, सगळं जवळून. त्यावर याने अंगठा दाखवला आणि खाली लिहिलं, ‘बंपरला मॅट ब्लॅक रॅप करून टाकू का साहेब? काळं दिसणारच नाही.’