पाच मिनिटांत घट्ट

खुर्चीचा पाय मोडला तेव्हा मी तिच्यावर बसलो होतो, एवढाच माझा गुन्हा. सुताराला बोलवा, असं घरात एकमताने ठरलं. म्हणून मी एपॉक्सी गोंद आणला. एका ट्यूबमध्ये राळ, दुसरीत हार्डनर. पाकिटावर ठसठशीत लिहिलेलं: पाच मिनिटांत घट्ट.

थंडीचे दिवस. पाऊण तास मी पाय धरून बसलो. खुर्चीचा. सोडला की तो डुलकी लागल्यासारखा हळूच कलायचा.

"बाबा, गोंद गरम कर ना."

"अगं, ही उष्मादायी अभिक्रिया, म्हणजे स्वतःच उष्णता सोडणारी. हिला उष्णता दिली की ती उलटी फिरते. ल शातेलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1884 मध्येच सांगून ठेवलंय." बारावीत पाठ केलेलं हे वाक्य इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उपयोगी पडत होतं.

"ते समतोलाचं झालं, शेवटी माल किती मिळतो त्याचं. वेगाचं काय?" मुलगी म्हणाली. अमोनिया तयार होतानाही उष्णता बाहेर पडते, म्हणजे थंडाव्यात तो जास्त मिळायला हवा. पण थंडाव्यात त्यासाठी लागणारा नायट्रोजन ढिम्म हलत नाही. म्हणून कारखान्यात वेग वाढवणारा लोखंडाचा उत्प्रेरक घालून, दाब चढवून, 400 ते 500 अंशांवर तडजोड करतात. "आणि तुझा गोंद काही एवढ्यातेवढ्या उष्णतेनं मागे फिरत नाही."

पोरीकडून हरलेला बाप अतिरेक करतो. दोन्ही ट्यूब मी गरम पाण्यात बुडवल्या आणि पुन्हा पुन्हा कालवायला नको म्हणून सगळा माल एकदम प्लॅस्टिकच्या पेल्यात पिळला. काडीने ढवळू लागलो. पेला कोमट झाला. थंडीत बरंच वाटलं हाताला. मग चटका बसला.

तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. वेग वाढला की उष्णता वाढते, ती वाढली की वेग आणखी. आमच्या घरातली भांडणंही साधारण अशीच चढतात. पातळ थर पसरला असता तर उष्णता हवेत निघून गेली असती. पेल्यात ती मधोमध कोंडली. पेला एका कुशीवर वितळला, धूर निघाला, मी खिडकीकडे धावलो. परतलो तोवर काडी आत उभीच्या उभी गाडली गेली होती. घड्याळ पाहिलं. पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. ते पिवळट ढेकूळ उचलून त्याने टकटक वाजवून पाहिलं.

"एकदम पक्कं बसलंय," तो म्हणाला. "पण चिकटवायचं काय होतं?"