मेट्रो आली हो, पण रात्री अडीचला उतरणाऱ्याचं काय?

मुंबईची मेट्रो ३ ही लाइन ऑक्टोबर २०२५ मध्ये पार कफ परेडपर्यंत गेली आणि तेव्हापासून माझ्या वॉलवर एकाच टाइपच्या पोस्ट येतायत, मुंबई एअरपोर्टच्या टर्मिनल २ला, म्हणजे टी-टूला उतरलो, खाली जाऊन मेट्रो पकडली, दादरला घरी चहाला हजर, ट्रॅफिक नाही कटकट नाही. खरंय, मीपण जातो तिने आणि मला आवडते ती. बीकेसी, दादर, गिरगाव, सीएसएमटी, सगळं एका गाडीत आणि लांबात लांबचं तिकीट ७० रुपये. पावसाळ्यात हायवेवर अडकून मीटर पळताना बघितलेल्या माणसाला विचारा याची किंमत.

पण ही गाडी सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते आणि रात्री साडेदहाला शेवटची सुटते, आणि मुंबईच्या इंटरनॅशनल फ्लाइट्सची खरी गर्दी त्यानंतरच सुरू होते. युरोपातून दुपारी निघालेलं विमान इथे मध्यरात्री पोचतं आणि परत जाणारं पहाटे सुटतं, तिकडच्या सकाळी पोचायला. गल्फची विमानं तर रात्रभर येत-जात असतात. म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त लोक जड सामान घेऊन बाहेर पडतात तेव्हा खालचं स्टेशन बंद.

माझा एक मामेभाऊ मस्कतला असतो, एसीची कामं करतो. तो येतो तेव्हा दोन बॅगा आणि दोरीने आवळलेला, मार्करने नाव लिहिलेला एक खोका, आणि जायचं असतं चिपळूणला. उतरतो रात्री अडीच-तीनला. लोकल बंद. रिक्षा माहीम-सायनच्या पुढे जात नाही, त्यामुळे कोकणची गाडी पकडायला दादर गाठायचं तर टॅक्सीच, आणि काळी-पिवळीला मध्यरात्री ते पहाटे पाच पंचवीस टक्के जादा. ॲप कॅबवाले त्या वेळी काय रेट दाखवतात ते तुम्हाला माहितीये. मग हा बाबा काय करतो तर बाहेर खोक्यावर बसून पहाट व्हायची वाट बघतो, कारण एकदा गेटबाहेर पडलं की परत आत सोडत नाहीत. दोन वर्षांनी घरी येणारा माणूस! आणि टॅक्सीचे पैसे नसतात असं नाही हां, आहेत त्याच्याकडे, पण ते त्याने कशासाठी कमावलेत हे त्याला पक्कं माहितीये.

एअरपोर्टवर काम करणारे तर या चर्चेत कुठे येतच नाहीत. लोडर, हाउसकीपिंग, ट्रॉल्या गोळा करणारी पोरं, यांच्या शिफ्ट रात्रीच्या असतात आणि राहतात दिवा-नालासोपाऱ्याकडे. त्यांनाही तीच मेट्रो, त्याच वेळात.

आता लगेच कोणीतरी लिहील की मेट्रो रात्रभर चालवता येत नाही, मेंटेनन्स असतो. अरे मान्य आहे ना! रुळ तपासायला, केबल बघायला चार तास लागणारच, त्यावर वाद नाही. म्हणूनच मी बस म्हणतोय. बंगळुरूचं एअरपोर्ट देवनहळ्ळीला, शहरापासून कुठल्या कुठे, तिथे मेट्रो अजून पोचलेली नाही, पण त्यांच्या वायू वज्र बस रात्रीसुद्धा चालतात, एसी, आत सामानाची जागा, आणि शहराच्या वेगवेगळ्या भागांत जातात. एअरपोर्टला मेट्रो नसलेलं शहर रात्री तीनला आपल्यापेक्षा बरं हे जरा विचित्र नाही का वाटत? आपल्याकडे बेस्टने एअरपोर्टवरून एसी बस याआधी सोडल्यात, म्हणजे जमतच नाही अशातलाही भाग नाही. रात्री अकरा ते सकाळी सहा, टी-टूवरून दादर, ठाणे, बोरिवली, पनवेल, दर अर्ध्या तासाने एक बस, खोका ठेवायला खाली डिकी, आणि अरायव्हलच्या दारातच मराठी-हिंदीत मोठा बोर्ड की बस कुठे लागते. बास. यासाठी बोगदा खणावा लागत नाही.

आणि हे आत्ताच बोलायचं कारण नवी मुंबई. डिसेंबर २०२५ मध्ये तिथून विमानं सुरू झाली, दोन्ही एअरपोर्ट जोडणारी मेट्रो ८ अजून व्हायची आहे, आणि मुंबईत यायला सगळे अटल सेतू दाखवतात, ज्याचा कारचा एका वेळचा टोल २५० रुपये. कोकणातल्या माणसाला खरं तर हे एअरपोर्ट जास्त सोयीचं, पनवेल बाजूलाच, कोकण रेल्वे तिथून मिळते, एसटी मिळते. एअरपोर्ट ते पनवेल स्टेशन-डेपो अशी रात्रभर बस ठेवली तर आमचा मस्कतवाला सहारचं जुनं एअरपोर्ट सोडून तिकडेच उतरेल, मी सांगून ठेवलंय त्याला.

तुमच्यापैकी कोणी हल्ली नवी मुंबईला रात्री उशिरा उतरलंय का? पनवेलपर्यंत कसे गेलात आणि किती पैसे लागले, खाली लिहा जरा.