पाठीवरची गाठ आणि दीड लिटर पाणी

पाठीवर उजव्या बाजूला एक गाठ होती, तीन-चार वर्षांपासून, दुखत नाही खुपत नाही म्हणून मीपण तिला कधी काही बोललो नाही. पण घरात कळलं आणि मापं सुरू झाली. बायको म्हणे लिंबाएवढी, वहिनी म्हणे आवळ्याएवढी, आणि आप्पांनी चष्मा न लावताच सांगून टाकलं, भरताच्या वांग्याएवढी आहे. (जळगावात राहून हे ऐकलं की पोटात गोळाच येतो.) डॉक्टरांनी दाबून पाहिली, बोटाखाली सरकते म्हणे, चरबीची वाटते, तरी एक सोनोग्राफी करून घ्या.

वहिनीला दोन बाळंतपणांचा अनुभव. दीड लिटर पाणी पिऊन जा, नाहीतर परत पाठवतात! प्यायलो बापा.

सेंटरमध्ये सगळ्या बायाच, मी एकटाच पुरुष पेशंट, समोर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी. शेजारच्या आजींनी विचारलंच, "सूनबाईले कितवा महिना शे भाऊ?" म्हटलं, "आजी, मनाच लंबर शे." आजी जरा लांब सरकून बसल्या.

आत मॅडम म्हणाल्या, उपडे झोपा.

खाली दीड लिटर, त्यावर मी, वरून एसी आणि पाठीवर ती गारेगार जेली. एरवी मे महिन्यात ४४ डिग्रीत कोणी पाठीवर एवढं गार ओतलं असतं तर त्याचे पाय धरले असते. "पाणी कशाला प्यायलात? गाठ पाठीवर आहे ना?" आता काय सांगणार, वहिनी!

मॅडम स्वभावाने फार चांगल्या, सगळं समजावून सांगणाऱ्या, नेमकं आजच. "हे बघा, कातडीखालच्या चरबीतच आहे, स्नायूच्या वर. लांबट, आत बारीक पांढऱ्या रेघा. दाबली की दबते." दाबली. नुसती गाठच दबली असती तर बरं होतं. मग कलर डॉपलर लावलं, आत रक्तप्रवाह काही दिसला नाही. साइज ३.२ सेंटीमीटर.

"मॅडम, कॅन्सर वगैरे...?" तेवढे दोन सेकंद मात्र मी पाणी विसरलो.

"लायपोमा दिसतोय, साधी चरबीची गाठ. ५ सेंटीमीटरच्या वर असती, भराभर वाढत असती किंवा स्नायूत खोल असती तर एमआरआय करायला लावला असता, मग सुईने तुकडा काढून तपासणी. आता फक्त लक्ष ठेवा, वाढली तर या."

थँक्यू म्हणालो की नाही आठवत नाही. शर्टाची बटणं लावत बाथरूमकडे पळालो तर दारातच आजींनी हात आडवा घातला, "नको जाऊ रे भाऊ, मंग काहीच दिखत नही!"