दमट हवा, कानातलं मशीन आणि आईचा दिवस

कर्णबधिर मुलांच्या पालकांवरील ताणाबद्दलचा लेख वाचला. आईने स्वतःसाठी वेळ काढावा, असं त्यात म्हटलंय. पटतं, पण हा वेळ आणायचा कुठून?

माझा कर्णबधिर मुलगा साडेचार वर्षांचा. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. स्पीच थेरपीसाठी आठवड्यातून दोनदा कदंबाच्या बसने पणजीला जातो, घरी आल्यावर भाजी चिरताना, आंघोळ घालताना पुन्हा तोच सराव. पावसाळ्यात तर जीव त्याच्या कानातल्या मशीनमध्येच (श्रवणयंत्रात) अडकलेला असतो. आपल्याकडच्या दमट हवेने मशीनच्या कानात बसणाऱ्या साच्याच्या नळीत पाण्याचे थेंब धरतात, आवाज बंद पडतो आणि त्याला ते सांगता येत नाही. तो नुसता गप्प होतो. म्हणून रोज रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवते.

सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच. ‘मुलगे उशिराच बोलतात’ असं घरचे म्हणाले, एक डॉक्टरही म्हणाले, आणि दोन वर्षं गेली. बाळाच्या ऐकण्याची पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हा दंडक मला फार उशिरा कळला. ओएई ही ऐकण्याची चाचणी तर बाळ झोपेत असताना काही मिनिटांत होते! बाळंतिणीच्या खाटेपाशीच हे कोणीतरी सांगा हो.

यंदा गणपतीच्या चवथीला आरतीच्या वेळी तो घुमट या वाद्यावर तळहात ठेवून उभा होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “आई, वाजतं.”